सेलमधली पोर्टेबल हार्ड डिस्क घ्यावी की नाही, मी कसं ठरवतो

दसरा-दिवाळीचे सेल लागले की घरच्यांचे स्क्रीनशॉट यायला लागतात. या वेळी पहिला वहिनीचा आला, "भाऊजी ही हार्ड डिस्क बघा ना, ५८ टक्के ऑफ दाखवतायत, रात्री बारापर्यंतच आहे, घेऊ का?" तिच्याकडे मुलांचे जन्मापासूनचे फोटो आहेत, सासऱ्यांच्या पंचाहत्तरीचं शूटिंग आहे, आणि ते सगळं एका जुन्या लॅपटॉपमध्ये पडलंय जो आता चालू व्हायलाच दहा मिनिटं घेतो. म्हणजे गरज खरीच आहे. तर तिला जे फोनवर अर्धा तास समजावलं ते इथे नीट लिहून ठेवतो, बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी तो ५८ टक्क्यांचा आकडा डोक्यातून काढून टाका. तो एमआरपीवर काढलेला असतो, आणि आपल्याकडे बॉक्सवर छापलेली एमआरपी म्हणजे ह्याच्यावर विकायचं नाही एवढीच मर्यादा असते, त्या किमतीला ती वस्तू कोणी कधी विकत घेतलेली असते असं नाही. कंपनी एमआरपी दुप्पट छापते आणि वर्षभर निम्म्या किमतीला विकते, मग सेलमध्ये त्यातले तीनशे रुपये कमी करते. म्हणून तुलना करायची ती गेल्या तीन-चार महिन्यांत ती प्रत्यक्षात कितीला मिळत होती त्याच्याशी. अमेझॉनवर असेल तर कीपा नावाचं टूल आहे, त्यात भारतातल्या किमतीचा ग्राफ दिसतो, त्यावरून लगेच कळतं की ही खरी सूट आहे की सेलच्या आदल्या आठवड्यात किंमत वर चढवून खाली आणलीय. दुसरा साधा उपाय म्हणजे लॅमिंग्टन रोडच्या किंवा आपल्या गावातल्या कॉम्प्युटरवाल्याला फोन करून त्याच मॉडेलचा आजचा भाव विचारायचा. कितीदा असं झालंय की सेलपेक्षा तो दुकानदार फक्त दीड-दोनशेने महाग निघतो, आणि मग मी दुकानातूनच घेतो, कारण उद्या काही झालं तर समोर जाऊन बोलायला माणूस असतो.

गेल्या वर्षीची किंमत मात्र धरून बसू नका. हार्ड डिस्क दरवर्षी स्वस्तच होते असा आपला एक समज असतो, पण २०११ मध्ये थायलंडला मोठा पूर आला, वेस्टर्न डिजिटलचे तिथले कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर हार्ड डिस्कच्या किमती चढल्या, त्या खाली यायला बरेच महिने लागले. २०२१ मध्ये चिया नावाच्या क्रिप्टोसाठी (आभासी चलन, जे मिळवायला डिस्कवरची जागा लागते) लोकांनी मोठमोठ्या ड्राइव्ह उचलल्या तेव्हाही भाव वर गेले. म्हणून मी मागच्या काही महिन्यांचाच भाव बघतो.

आता हिशोब. किमतीला टीबीने (टेराबाइट, म्हणजे साठवायची जागा) भागायचं, बस. वहिनीने दोन स्क्रीनशॉट पाठवले होते, १ टीबी ४,७९९ ला आणि त्याच कंपनीची २ टीबी ६,९९९ ला (तुम्ही बघाल तेव्हा आकडे वेगळे असतील, पद्धत तीच). पहिलीत एका टीबीला ४,७९९ पडतात, दुसरीत साडेतीन हजार. ५८ टक्के ऑफ होता तो पहिलीवर आणि दुसरीवर ४१ टक्केच, पण स्वस्त कोणती हे सरळ दिसतंय ना? असं का होतं तर डबा, मोटर, आतलं सर्किट, केबल, पॅकिंग, वाहतूक हा खर्च १ टीबीला जेवढा तेवढाच जवळपास २ टीबीला, त्यामुळे लहान ड्राइव्ह टीबीमागे नेहमीच महाग पडते. ४-५ टीबीवाली तर त्याहूनही स्वस्त पडते, पण तिथे मी थांबतो, कारण घरातल्या फोटोंसाठी एकच ५ टीबीची घेऊन सगळं तिच्यात ठेवलं आणि ती टेबलावरून पडली तर सगळंच गेलं. त्याच पैशात २ टीबीच्या दोन येत असतील, किंवा हजारभर जास्त लागत असतील, तरी दोन घ्या, दोन्हीवर तोच डेटा ठेवा, एक आपल्या कपाटात आणि एक आईकडे किंवा भावाकडे. सेलचा खरा फायदा मला तरी इथेच वाटतो, एकीच्या बजेटमध्ये थोडी भर घालून दोन येतात.

बँकेच्या कार्डाचं डिस्काउंट धरा, पण नो कॉस्ट ईएमआय घेत असाल तर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी मिळवून मग भागाकार करा. हजार रुपयांच्या सुटीतले दोन-तीनशे तिथेच जातात.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, आणि ह्यात मी खूप लोकांना फसताना बघितलंय. स्वस्त म्हणजे किती स्वस्त ह्याला एक मर्यादा असते. १,४९९ मध्ये १६ टीबी, ८९९ मध्ये ८ टीबी एसएसडी (फिरणारी तबकडी नसलेली, चिप्सवर डेटा ठेवणारी ड्राइव्ह) असली जाहिरात दिसली तर पुढचा विचारच करू नका, ती खोटी आहे, शंभर टक्के खोटी आहे. लॅपटॉपच्या यूएसबीवर चालणाऱ्या खिशातल्या हार्ड डिस्कमध्ये अडीच इंची ड्राइव्ह असते, आणि ह्या आकारात कितीतरी वर्षं ५ टीबीच्या पुढे कोणी जाऊच शकलं नव्हतं, वेस्टर्न डिजिटलने २०२४ मध्ये ६ टीबीची आणली तेव्हा ती बातमी झाली. मग १६ टीबीची अडीच इंची हार्ड डिस्क येणार कुठून? आणि एसएसडी म्हणाल तर एवढ्या क्षमतेच्या नुसत्या चिप्सच ह्या किमतीच्या कितीतरी पट महाग असतात.

माझ्या मावसभावाने असली एक घेतली होती, मला न विचारता. आत उघडून बघितलं तर एक लहानसं सर्किट, त्यावर मेमरी कार्ड डिंकाने चिकटवलेलं आणि वजन यावं म्हणून लोखंडाचा तुकडा. विंडोजमध्ये लावली की १४ टीबीच्या वर जागा दाखवायची, कारण सर्किटला तसं खोटं बोलायला शिकवलेलं असतं. त्याने तिच्यात बहिणीच्या लग्नाचं सगळं शूटिंग टाकलं, कॉपी झालं, फाइल दिसत होत्या, नावं बरोबर, साइझ बरोबर, त्याने विश्वासाने कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड फॉरमॅट करून कॅमेरा परत दिला. दोन महिन्यांनी अल्बमसाठी उघडायला गेला तर पहिले काही व्हिडिओ चालले आणि पुढचं एकही उघडेना. अशा ड्राइव्हमध्ये खरी जागा संपली की पुढचा डेटा एकतर कुठेच लिहिला जात नाही नाहीतर आधीच्या डेटावरच लिहिला जातो, आणि यादीत मात्र सगळं आहे असं दिसतं. ते शूटिंग परत आलं नाही. मावशी अजून विचारते. म्हणून हे एवढं ओरडून सांगतोय.

आत काय आहे ह्याचा अंदाज घ्यायला अजून एक गोष्ट माहीत असू द्या. जगात हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आता तीनच उरल्यात, सीगेट, वेस्टर्न डिजिटल (डब्ल्यूडी) आणि तोशिबा. बाकी कुठलंही नाव असू दे, ट्रान्सेंड असो, एडेटा असो, लासी असो (लासी तर सीगेटचीच), आत ड्राइव्ह ह्या तिघांपैकीच कोणाची तरी असते. नाव माहीत असलेल्या कंपनीची घेतली तर मजबूत केस, रबरचं कव्हर वगैरेसाठी थोडे जास्त पैसे देणं समजू शकतो. पण कधी न ऐकलेलं नाव, बॉक्सवर आयात करणाऱ्याचा पत्ता नाही, महिना-वर्ष नाही, ग्राहकसेवेचा नंबर नाही, तर तो माल नको. आपल्याकडे पॅकबंद मालावर हे सगळं छापणं कायद्याने सक्तीचं आहे.

मग वेग. बॉक्सवर यूएसबी ३.०, ३.१ जेन १, ३.२ जेन १ असं काहीही लिहिलेलं असतं आणि लोक ३.२ साठी जास्त पैसे देतात, पण ही तिन्ही नावं एकाच ५ जीबीपीएस (कागदावर सेकंदाला साधारण पाचशे एमबी) वेगाची आहेत, फक्त नाव बदलत गेलंय. आणि आतली फिरणारी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबीच्या आसपासच जाते, तिला ५ जीबीपीएस सुद्धा उरतं. यूएसबी २.० असेल तर मात्र नको, तिथे तीस-चाळीस एमबीवर अडकतं, आणि जुना साठवलेला माल सेलमध्ये काढतात तेव्हा अशी एखादी निघते.

अजून एक, ह्या पोर्टेबल ड्राइव्हपैकी बहुतेक एसएमआर पद्धतीच्या असतात, म्हणजे डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहिलेल्या. त्याने जागा जास्त मिळते पण सतत फाइल बदलत, पुसत, लिहीत राहिलं की वेग एकदम पडतो, अगदी पाच-दहा एमबीपर्यंत. फोटो टाकून कपाटात ठेवायचे असतील तर काही फरक पडत नाही, बिनधास्त घ्या. पण त्यावरूनच व्हिडिओ एडिट करायचे असतील, गेम चालवायचे असतील, तर सूट कितीही असू दे, ही वस्तू त्या कामाची नाही, तिथे एसएसडी घ्या, कमी जागेची घ्या पण एसएसडी घ्या. उलट वर्षानुवर्षं बंद ठेवायच्या बॅकअपसाठी मी हार्ड डिस्कच घेतो, एसएसडीला दीर्घकाळ वीज मिळाली नाही तर आतला चार्ज हळूहळू उतरतो.

वॉरंटीचं नीट बघा. इथे ब्रँडेड पोर्टेबलवर बहुतेक ३ वर्षं मिळतात. सेलमधली खूप स्वस्त दिसत असेल तर बघा की ती आयात केलेली, दुसऱ्या देशासाठीची तर नाही ना, कारण वॉरंटी देशाला बांधलेली असते. अमेरिकेतल्या भावाला आणायला सांगतात लोक, तिथे सीगेटच्या साध्या एक्स्पान्शनला एकच वर्ष असतं, आणि बिघडली तर ती परत तिकडेच पाठवायची. हजार रुपये वाचवून हे कशाला? सीगेट आणि डब्ल्यूडी दोघांच्याही साइटवर सीरियल नंबर टाकला की वॉरंटी कधीपर्यंत आणि कुठली ते दिसतं. दुकानात असाल तर पैसे द्यायच्या आधी तिथेच उभं राहून बॉक्सवरचा नंबर टाकून बघा, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. आणि "बिल नको असेल तर दोनशे कमी करतो" ह्याला हो म्हणू नका, बिल नसेल तर कंपनी वॉरंटी ड्राइव्ह कारखान्यातून निघाली त्या तारखेपासून मोजते, आणि माल वर्षभर गोडाऊनमध्ये पडलेला असेल तर तुमचं ते वर्ष गेलं.

वॉरंटीत ड्राइव्ह बदलून मिळते, आतला डेटा मिळत नाही, हे पण लक्षात असू द्या. सीगेटच्या काही मॉडेलवर डेटा रिकव्हरीची सेवा धरलेली असते, मुदतीत एकदा त्यांच्या लॅबमध्ये प्रयत्न करतात, त्याला मी खरंच किंमत देतो, कारण बाहेर रिकव्हरीला ड्राइव्हच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे जातात. दोन मॉडेल सारख्याच भावात असतील आणि एकावर ही सेवा असेल तर ते घेतो.

ह्याच्याशीच लागून एक गोष्ट आहे जी दुकानदार सांगत नाहीत. डब्ल्यूडीच्या पोर्टेबलमध्ये यूएसबीचं सॉकेट थेट ड्राइव्हच्या सर्किटवरच बसवलेलं असतं, सीगेटच्या बऱ्याच मॉडेलमध्ये आत साधी लॅपटॉपसारखी ड्राइव्ह आणि वर एक वेगळा छोटा जोडतुकडा असतो. त्यामुळे सॉकेट तुटलं तर दुसऱ्या प्रकारात ड्राइव्ह काढून दुसऱ्या केसमध्ये टाकता येते, पहिल्यात नाही. म्हणून डब्ल्यूडी वाईट असं मी म्हणत नाही, माझ्याकडे दोन आहेत आणि छान चालतात, पण केबल ओढाताण न करता लावायची, चालू असताना लॅपटॉपला लटकवायची नाही.

ऑर्डर करताना विक्रेत्याचं नाव बघा, तेच मॉडेल, तोच फोटो, पण खाली विकणारा वेगळा. शंभर रुपयांसाठी नवीन, रेटिंग नसलेल्या विक्रेत्याकडे जाऊ नका. परत करण्याची मुदत किती दिवस आहे आणि पैसे परत मिळतात की फक्त बदलून देतात, ते पण तिथेच लिहिलेलं असतं. "फक्त सर्व्हिस सेंटर" असं असेल तर मी तरी घेत नाही, कारण माझी खरी परीक्षा ड्राइव्ह घरी आल्यावर सुरू होते.

पार्सल उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा, आधी बंद पाकीट सगळ्या बाजूंनी, मग सील, मग सीरियल नंबर, बॉक्सवरचा आणि ड्राइव्हच्या पाठीवरचा, दोन्ही जुळायला हवेत. हातात घेऊन बघा, घरात वजनकाटा असेल तर ठेवून बघा, पातळ १-२ टीबीवाली साधारण १२० ते १७० ग्रॅम भरते, ४-५ टीबीची जाड असते आणि दोनशेच्या वर जाते. लावल्यावर हातात हलकीशी थरथर जाणवते, कानाशी नेली तर फिरल्याचा बारीक आवाज येतो. टक-टक-टक असा ठराविक अंतराने आवाज येत असेल तर लगेच काढा आणि परत करा.

१ टीबीची ९३१ जीबी दिसते, २ टीबीची १.८१ टीबी. ही फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, म्हणून फरक दिसतो, ह्यासाठी परत पाठवू नका.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाका, ड्राइव्हची आतली नोंदवही त्यात दिसते. ०९ नंबरच्या ओळीत किती तास चालली ते असतं, नवीन ड्राइव्हला शून्य किंवा एखाद-दोन तास हवेत. मला एकदा सील असलेल्या बॉक्समध्ये तीन हजारांवर तास चाललेली आली होती, म्हणजे वापरलेली, पुसून परत भरलेली, त्याच दिवशी फोटो जोडून परत केली. मग ०५, सी५ आणि सी६ ह्या तीन ओळी, खराब झालेल्या आणि संशयित जागांचा हिशोब ह्यात असतो, नवीन ड्राइव्हवर तिन्ही शून्य पाहिजेत, एक जरी आकडा असला तरी मी ठेवत नाही. ह्याच्यात आकडे हेक्साडेसिमल म्हणजे सोळाच्या पटीतल्या मोजणीत दिसतात, सेटिंगमध्ये जाऊन नेहमीच्या दहाच्या पटीत करून घ्या म्हणजे वाचता येतात. सीगेटच्या ड्राइव्हवर ०१ आणि ०७ ला भलेमोठे आकडे दिसतात, त्यांची मोजायची पद्धतच तशी आहे, घाबरू नका. सी७ वाढत असेल तर बहुतेक वेळा आतल्या जोडणीत गडबड असते.

पण ही नोंदवही पण पुसता येते. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत हे उघड झालं, चियासाठी वापरलेल्या सीगेटच्या मोठ्या ड्राइव्ह तास शून्यावर आणून काही विक्रेत्यांनी नव्या म्हणून विकल्या होत्या. त्या कंपन्यांसाठीच्या साडेतीन इंची होत्या, पण युक्ती कळली की कोणीही करतं, म्हणून केस किंवा सॉकेटवर ओरखडे असतील तर शून्य तास बघून समाधान मानू नका.

शेवटचं आणि मी कधीच न टाळणारं काम म्हणजे ड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचून बघणं. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, मॅक किंवा लिनक्सवर एफथ्री, दोन्ही फुकट. हे रिकाम्या ड्राइव्हवर स्वतःच्या फाइल शेवटच्या कोपऱ्यापर्यंत लिहितं आणि मग एकेक वाचून जुळवतं. खोटी ड्राइव्ह इथे पकडली जाणारच, आणि खऱ्या ड्राइव्हमधली कच्ची जागा पण इथेच कळते. वेळ लागतो, २ टीबीला लिहायला सहाएक तास आणि वाचायला तेवढेच, म्हणून रात्री लावून झोपा, लॅपटॉपचं स्लीप बंद करा, चार्जर लावा, ड्राइव्ह सपाट जागी ठेवा, गादीवर किंवा उशीवर नको. वेग सुरुवातीला १२०-१३० दिसेल आणि शेवटी निम्म्यावर येईल, ते बरोबर आहे, तबकडीच्या बाहेरच्या कडेला डेटा जास्त बसतो, आतल्या बाजूला कमी. झाल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो परत उघडून ०५, सी५, सी६ बघा, अजूनही शून्य असतील तर ड्राइव्ह पास.

वहिनीला मी २ टीबीच्या दोन घ्यायला लावल्या. एक व्यवस्थित निघाली, दुसरीवर टेस्टनंतर सी५ ला ८ आले. आठ म्हणजे काय एवढं, असं दादाला वाटलं, पण पहिल्याच दिवशी आठ असतील तर तीन महिन्यांनी किती असतील हे कोणी सांगू शकत नाही, आणि परत करायचे अजून चार दिवस बाकी होते. स्क्रीनशॉट आणि उघडतानाचा व्हिडिओ जोडला, कारणात "चांगली नाही" असं मोघम न लिहिता सीरियल नंबर, कुठली ओळ, किती आकडा, कुठल्या तारखेला टेस्ट केली ते लिहिलं, तिसऱ्या दिवशी दुसरी आली आणि ती पास झाली. विक्रेता ऐकतच नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथे तक्रार नोंदवताना पण हेच कागद लागतात.

आणि परत करायची वेळ आलीच तर अडचण एकच होते, लोकांनी उत्साहात आधीच घरचे फोटो, आधार कार्डाच्या कॉप्या सगळं तिच्यात टाकलेलं असतं आणि मग ड्राइव्ह अनोळखी माणसाच्या हातात द्यायची भीती वाटते, म्हणून खराब ड्राइव्हसुद्धा ठेवून घेतात. तेव्हा टेस्ट पूर्ण होईपर्यंत तिच्यात एकही फाइल टाकू नका, आणि पहिले सहा महिने तरी जुन्या लॅपटॉपमधलं काही पुसू नका.